कागदपत्रांच्या भाषेत घोड्याची फेरी

रिकाम्या पटावर एकच घोडा ठेवायचा आणि अडीच घरांच्या चालीने त्याला चौसष्ट घरांतून फिरवून आणायचं, एकाही घरात दोनदा न जाता. कोडं फार जुनं आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने अर्ध्या पटावर बसणारा असा श्लोक रचला, की अक्षरं सरळ वाचा किंवा घोड्याच्या चालीने वाचा, श्लोक तोच!

प्रोग्रॅमर मायकेल के यांनी हेच कोडं एक्सएसएलटी नावाच्या संगणकाच्या भाषेत सोडवून दाखवलं. यात नवल असं, की ही भाषा कोडी सोडवायला जन्मलेलीच नाही. तिचं मूळ काम कारकुनी. ग्रंथालयाची यादी घ्या. त्यात नाव, लेखक, किंमत यांना टॅग, म्हणजे हे काय आहे ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या, लावलेल्या असतात. ती यादी आत घालायची आणि तिचं वेबपान किंवा छापण्याजोगा तक्ता बाहेर काढायचा, एवढंच. जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रमाण म्हणून जाहीर झाली.

या भाषेत एक कडक बंधन आहे. ‘क’ची किंमत एकदा ५ ठरली, की ती ५च राहते. ‘क’मध्ये एक मिळवून पुन्हा ‘क’त ठेवणं इथे चालत नाही. कागदपत्राचे भाग कुठल्याही क्रमाने बदलले तरी उत्तर तेच यावं, म्हणून हे बंधन. मग मोजायचं कसं? इथला प्रोग्रॅम म्हणजे ‘असा टॅग आला तर असं कर’ अशा नियमांची यादी. असा नियम स्वतःलाच पुन्हा हाक मारतो आणि हाक मारताना पुढचा आकडा हातात देतो.

घोड्याच्या फेरीत हे बंधनच कामी येतं. पहिल्या हाकेला पटावर फक्त १, म्हणजे घोड्याचं पहिलं घर, लिहिलेला असतो. दुसऱ्या हाकेला नवा पट जातो, त्यावर १ आणि २. जुना पट आहे तसाच राहतो. घोडा कुठे अडकला तर फक्त मागच्या पटाकडे यायचं आणि दुसरी उडी घ्यायची. खोडायचं काहीच नसतं, कारण आधीच्या पटावर कुणी गिरवलेलंच नाही. सोबत १८२३ मधली वार्न्सडॉर्फ यांची युक्ती आहे: जिथून पुढे जायला सर्वांत कमी वाटा, त्या घरात आधी जा. कोपऱ्यातून घोड्याला दोनच उड्या असतात, पटाच्या मध्यातून आठ. अडचणीची घरं आधी उरकली, की शेवटी अडकायची वेळ क्वचितच येते.

याच भाषेत सुडोकू सोडवले गेले, ट्युरिंग यंत्रही, म्हणजे संगणकाचं कागदावरचं अगदी साधं रूपही, उभं राहिलं. म्हणजे वेळ आणि जागा हवी तेवढी दिली, तर कोणताही संगणक जे काढू शकतो ते हीसुद्धा काढू शकते. शिवाय तिचा प्रोग्रॅम स्वतःच टॅग लावलेला कागद असतो, म्हणून एक प्रोग्रॅम दुसरा प्रोग्रॅम लिहू शकतो. कागदपत्रांचे नियम तपासणारं स्किमट्रॉन बरीच वर्षं असंच चाललं: नियमांची यादी आत, तपासनीस प्रोग्रॅम बाहेर.

मला मात्र सगळ्यात जास्त आवडतं ते प्रोग्रॅमर दिमित्र नोवाचेव्ह यांनी २००१ मध्ये दाखवलेलं काम. एक फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, दुसऱ्या फंक्शनच्या हाती द्यायची सोय भाषेत नव्हती. त्यांनी फंक्शनऐवजी एक टॅग हाती दिला. समोर टॅग आला, की त्याच्याशी जुळणारा नियम शोधून चालवायचा, हे तर या भाषेचं रोजचं काम. त्यामुळे टॅग बदलला की काम बदलतं. ‘दुप्पट’ दिला तर यादीतला प्रत्येक आकडा दुप्पट, ‘वर्ग’ दिला तर प्रत्येकाचा वर्ग, आणि यादीवरून फिरणारा नियम तोच. जे नाही म्हणत होते, ते आधीपासून भाषेतच होतं!

२०१७ च्या ३.० आवृत्तीत फंक्शन थेट हाती देता येऊ लागलं. तिचे संपादकही मायकेल केच. ब्राउझरांनी मात्र १९९९ नंतरची एकही आवृत्ती आत घेतली नाही, त्यामुळे तिथे नोवाचेव्ह यांचीच वाट धरावी लागली.