न्यूरल फील्ड

न्यूरल फील्ड : अवकाशातील बिंदूचे सहनिर्देशक घेऊन त्या बिंदूवरील रंग, घनता किंवा पृष्ठभागापासूनचे अंतर सांगणारे, न्यूरल नेटवर्कच्या रूपात साठवलेले फलन. सपाट प्रतिमेसाठी सहनिर्देशक दोन लागतात. दृश्यासाठी तीन, आणि पाहण्याची दिशाही धरली तर पाच. पिक्सेल कोठेही साठवलेले नसतात. नेटवर्कचे भार (प्रशिक्षणात ठरणारे आकडे) हेच चित्र.

संज्ञा व उगम : संज्ञेबाबत एकवाक्यता नाही. मेंदूविज्ञानात ती फार आधीपासून रूढ आहे; शुनइची अमारी यांच्या 1977 मधील लेखात ती मज्जापेशींच्या सलग थरातील क्रियाशीलतेसाठी येते. संगणकीय दृश्यशास्त्रातील न्यूरल फील्डचा तिच्याशी नावापलीकडे संबंध नाही. 'इम्प्लिसिट (अव्यक्त) न्यूरल रिप्रेझेंटेशन' हे दुसरे नाव बरेच चालते, पण ते सैल वाटते : सहनिर्देशकांवरून थेट रंग सांगणारे फलन गणिताच्या अर्थाने व्यक्तच असते, अव्यक्त असतो तो केवळ फलनाचे मूल्य जेथे शून्य येते त्या बिंदूंनी ठरणारा पृष्ठभाग. मराठीत 'चेताक्षेत्र' असा शब्द घडवता येईल, परंतु तो शरीरशास्त्राकडे ओढतो. म्हणून येथे मूळ संज्ञाच ठेवली आहे.

कल्पनेचा आरंभ काही अभ्यासक केनेथ स्टॅन्ली यांच्या 2007 मधील नमुनाजनक नेटवर्कपर्यंत नेतात. तेथे सहनिर्देशकांवरून रंग मिळत असे, मात्र ती नेटवर्के मुख्यतः उत्क्रांतीच्या पद्धतीने वाढवली जात. दिलेल्या चित्राशी उतार-पद्धतीने (चूक थोडीथोडी घटवत) जुळवली जात नसत. आजच्या अर्थाची रीत 2018 ची अखेर ते 2019 चा आरंभ या काळातील धरणे अधिक सयुक्तिक दिसते. ऑक्युपन्सी नेटवर्क्स, आयएम-नेट आणि डीपएसडीएफ हे तीन प्रबंध काही आठवड्यांच्या अंतराने पुढे आले. तेव्हा अग्रक्रमाचा मान एकालाच देणे कठीण आहे. बेन मिल्डनहॉल व सहकाऱ्यांच्या 'नर्फ' (न्यूरल रेडियन्स फील्ड, म्हणजे छायाचित्रांवरून दृश्य उभारण्याची रीत; 2020) या प्रबंधाने विषय सर्वतोमुखी केला.

सहनिर्देशकांचे संकेतन : मांडणीत खरा निर्णय येथे होतो. x आणि y तसेच्या तसे साध्या नेटवर्कला दिले, तर कितीही थर वाढवले तरी चित्र धुरकट राहते, कारण अशी नेटवर्के मंद बदल लवकर आणि तीव्र बदल फार उशिरा शिकतात. आरंभीचे उपाय दोन. पहिला, प्रत्येक सहनिर्देशकाच्या दुप्पट-दुप्पट वारंवारतांच्या ज्या व कोज्या (साइन व कोसाइन) काढून त्या आत घालणे. नर्फमध्ये स्थानासाठी 10 व दिशेसाठी 4 पायऱ्या आहेत. त्यामुळे स्थानाच्या 3 संख्यांच्या 60 होतात. वारंवारता यादृच्छिक निवडल्यास त्यांचा पल्ला बेताचा हवा : कमी पडला तर चित्र पुसट, जास्त झाला तर रवाळ. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक थराचे सक्रियन फलन (थराच्या बेरजेवर लावले जाणारे फलन) ज्या, म्हणजे साइनच, ठेवणे (सायरन, 2020). यात पहिल्या थराचा गुणक 30 घेण्याचा प्रघात आहे, आणि आरंभीचे भार सांगितलेल्या मर्यादेतच हवेत. ते मनाने निवडले तर प्रशिक्षण बहुधा कोसळते. 2022 मध्ये थॉमस म्युलर व सहकाऱ्यांनी हॅश-तक्त्यांचे (स्थानावरून थेट नोंद काढता येणाऱ्या तक्त्यांचे) संकेतन आणले. त्यात साधारणपणे 16 पातळ्यांच्या जाळ्या असतात व बहुतेक माहिती तक्त्यांत राहते. नेटवर्क छोटे उरते आणि तासांचे काम मिनिटांवर येते.

प्रशिक्षण : प्रतिमेसाठी सहनिर्देशक −1 ते 1 मध्ये आणून यादृच्छिक पिक्सेल निवडतात व रंगांतील फरकाचा वर्ग कमी करत जातात. दृश्यासाठी प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण सोडतात, किरणावरील नमुनाबिंदूंची घनता व रंग विचारतात आणि कॅमेऱ्याच्या अधिक जवळच्या बिंदूंनी किती प्रकाश अडवला ते जमेस धरून बेरीज करतात. मूळ नर्फमध्ये 256 रुंदीचे 8 थर, एका वेळी 4096 किरण, प्रत्येक किरणावर आधी 64 व मग आणखी 128 बिंदू होते. एका ग्राफिक्स प्रोसेसरवर एक-दोन दिवस लागत. दिशा मुद्दाम शेवटच्या थरांत देतात, म्हणजे घनता केवळ स्थानावर अवलंबून राहते. कॅमेऱ्याच्या जागा आधी माहीत असाव्या लागतात. त्या बहुधा कोलमॅप या संगणकप्रणालीने काढतात. त्या चुकल्या तर पुढचे सारे वाया जाते.

गोव्यातील दृश्ये : येथील वास्तूंबाबत यशापयश बरेचसे छायाचित्रे घेतानाच ठरते. जांभ्याचे चिरे सच्छिद्र व खडबडीत असल्याने छायाचित्रे एकमेकांशी जुळवण्यासाठी खुणा विपुल मिळतात. गिलावा काढलेली बॉम जेझूस बॅसिलिकेची भिंत त्या दृष्टीने सोयीची. से कॅथेड्रलचा चुन्याने पांढरा झालेला दर्शनी भाग मात्र खुणांच्या बाबतीत उणा, आणि आतील सोनेरी वेदी पाहण्याच्या कोनाबरोबर रंग बदलते, म्हणून तेथे दिशेचा भाग सबळ हवा. पावसात जांभा भिजून गडद होतो; कोरडी व ओली छायाचित्रे एकत्र केल्यास प्रत्येक छायाचित्रामागे स्वतंत्र रूप-सदिश (त्या छायाचित्राची रंगछटा टिपणारा संख्यासमूह) शिकवावा लागतो. वाऱ्याने हलणाऱ्या माडांच्या झावळ्या दृश्य स्थिर असल्याचे गृहीतकच मोडतात. त्या मुखवट्याने (छायाचित्रातील तेवढा भाग झाकून) वगळणे बरे. तांबडी सुर्लचे महादेव मंदिर (सामान्यतः बाराव्या-तेराव्या शतकातील मानले जाते) काळ्या बेसाल्टचे आणि झाडीने वेढलेले. त्याच्या कोरीव भागासाठी एक्स्पोझर कायम ठेवणे अगत्याचे.

कुशावतीकाठच्या उसगाळीमळ येथील जांभ्यावरील खोदचित्रे हा वेगळा प्रश्न. त्यांच्या काळाबद्दल मते भिन्न आहेत, पुराश्मयुगापासून नवाश्मयुगापर्यंत. खोदकाम उथळ असल्याने घनतेवर आधारलेल्या मांडणीत रेषेची खोली गोंगाटात हरवते. तिरप्या उन्हात घेतलेली छायाचित्रे आणि अंतर-फलनावर आधारलेली पद्धत तेथे अधिक उपयोगी पडावी.