खोटी पदवी: आमदारकी जाणं वेगळं, तुरुंग वेगळा

उमेदवाराने प्रतिज्ञापत्रात न मिळवलेली पदवी लिहिल्याचं उघड झालं की लोक एका दमात म्हणतात, "आता आमदारकी जाणार आणि आतही जाणार." कायद्यात मात्र या दोन वाटा वेगळ्या आहेत. निवडणूक रद्द करणारं न्यायालय तुरुंगात पाठवत नाही आणि शिक्षा देणारं न्यायालय खुर्ची काढून घेत नाही.

मुळात आमदार व्हायला शिक्षणाची अट नाहीच. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघातसुद्धा मतदार पदवीधर लागतो, उमेदवार नाही! तरीही उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात शिक्षण लिहावं लागतं, आणि लिहिलं की ते खरं असावं लागतं.

पहिली वाट निवडणूक याचिकेची. निकालानंतर ४५ दिवसांत मतदाराने किंवा उमेदवाराने ती उच्च न्यायालयात दाखल करायची. मणिपूरच्या मोइरांग मतदारसंघाचं उदाहरण पाहा. २०१२ मध्ये निवडून आलेल्या मैरेंबाम पृथ्वीराज यांनी प्रतिज्ञापत्रात म्हैसूर विद्यापीठाची एमबीए लिहिली होती. ती त्यांच्याकडे नव्हती. कारकुनी चूक झाली, हा त्यांचा बचाव. पण २००८ च्या कागदपत्रांतही तीच एमबीए होती, त्यामुळे तो टिकला नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवणारा निकाल कायम केला. न्यायालयाने धरलेला मुद्दा असा: हा दोष मोठ्या स्वरूपाचा, म्हणून अर्ज स्वीकारलाच जायला नको होता. अर्ज विजेत्याचाच होता आणि रिंगणात दोघेच होते, त्यामुळे खोट्या पदवीने निकाल फिरला हे वेगळं सिद्ध करायची गरजही उरली नाही. हरलेल्या एखाद्या उमेदवाराचा अर्ज चुकीने स्वीकारला गेला असता, तर मात्र त्याने निकाल फिरला हे सिद्ध करावं लागलं असतं.

दुसरी वाट फौजदारी. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२५अ नुसार निवडून येण्याच्या इराद्याने, खोटी आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना माहिती देणं, किंवा माहिती लपवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. इथे इरादा सिद्ध करावा लागतो, आणि खरा घोळ तिथेच असतो. महाराष्ट्रातला गाजलेला खटला पदवीचा नाही, पण कलम तेच. देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ च्या प्रतिज्ञापत्रात त्यांच्यावरच्या दोन फौजदारी प्रकरणांचा उल्लेख नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये खटला पुढे चालवायला वाट मोकळी केली आणि २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. तोवर २०१४ ची विधानसभा कधीच संपली होती.

समजा दोषी ठरला, तरी पद जाईलच असं नाही. त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये अपात्र ठरवणाऱ्या गुन्ह्यांची जी यादी आहे तीत १२५अ नाही. यादीबाहेरच्या गुन्ह्याला किमान दोन वर्षांची कैद झाली तरच अपात्रता लागते, आणि इथे कमाल शिक्षाच सहा महिने! माझ्या मते ही उघड फट आहे. विधी आयोगाने २०१४ मध्ये २४४ व्या अहवालात शिक्षा किमान दोन वर्षं करावी आणि हा गुन्हा अपात्रतेच्या यादीत घालावा, असं सुचवलं होतं.

म्हणून खोटी पदवी सापडली तर आधी निकालाची तारीख बघा. ४५ दिवस उलटून गेले असतील तर याचिकेचं दार बंद झालेलं असतं.