तीन, तीन, तीन आणि शेवटी एक

‘कितीही ३ लिहा, शेवटी १ जोडा, मूळ संख्याच (१ आणि स्वतःशिवाय कशानेही भाग न जाणारी) मिळते’ हा फॉरवर्ड आमच्या नागपूरच्या ग्रुपांत वरचेवर फिरतो. विश्वास बसतोच, कारण ३१, ३३१, ३३३१ पासून ३३३३३३३१ पर्यंतच्या सातही संख्या खरोखर मूळ आहेत. पुढची, आठ तीनांची ३३३३३३३३१ मात्र नाही. बर्डीवर तर्री-पोहे खाताखाता टपरीवाल्याच्याच कॅल्क्युलेटरवर १७ ने भागून पाहिलं: उत्तर १९६०७८४३, बाकी शून्य. तुम्हीही करून बघा, कागदावरही जमतं.

आणि हे एकदाच घडत नाही. अशा संख्येच्या तिपटीत ७ मिळवले की १० चा घात येतो (३ × ३१ + ७ = १००), आणि १० च्या घातांना १७ ने भागलं की दर १६ पायऱ्यांनी त्याच बाक्या परत येतात. म्हणून २४ तीनांची, ४० तीनांची संख्याही १७ ने भागली जाते.