बेळगावच्या पोरांनो, युनिव्हर्सिटीची तुलना करायच्या आधी कागद बघा

बारावी झाली की आपल्याकडं घराघरात एकच चर्चा, आरसीयू (राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी) बरं की धारवाड, व्हीटीयूचं (इंजिनिअरिंगची विश्वेश्वरय्या युनिव्हर्सिटी) कुठलं कॉलेज घ्यायचं, खासगी केएलई परवडतंय काय. चर्चा करा, पण दरवर्षी पोरं अडकतात ती कागदावर, म्हणून हे लिहायला घेतलंय.

आधी तुलना थोडक्यात. बीए, बीकॉम, बीएस्सी घराजवळ करायचं तर भूतरामनहट्टीची राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी, २०१० ची. तिच्या आधी तिथं धारवाडच्या कर्नाटक युनिव्हर्सिटीचं पीजी सेंटर होतं, आणि धारवाड १९४९ चं, त्यामुळं एमए-एमएस्सीला जुने विभाग आणि मोठी लायब्ररी हवी असेल तर धारवाडला जाऊन बघून या. व्हीटीयूचं मुख्य ठाणं मच्छेला आहे म्हणून आपल्याला इथंच सीट मिळणार असं काही पालक धरून चालतात, तसं नसतंय. राज्यभरची इंजिनिअरिंग कॉलेजं तिच्याखाली येतात आणि ऑप्शन भरताना तुम्ही कॉलेज निवडता, युनिव्हर्सिटी नाही. मेडिकलला तर दोन वेगळे दरवाजे. बिम्स हे बेळगावचं सरकारी मेडिकल कॉलेज, तिथल्या राज्याच्या सीटा केईएकडून, म्हणजे कर्नाटकच्या परीक्षा-प्रवेश संस्थेकडून भरतात. जेएनएमसी हे मेडिकल कॉलेज केएलईच्या डीम्ड युनिव्हर्सिटीत, तिथली सीट एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या मेडिकल प्रवेश समितीच्या काउन्सेलिंगमधून जाते. केईएत नाव घातलं म्हणून जेएनएमसीची वाट बघत बसू नका, एमसीसीचं रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतंय.

आता खरी अडचण. केईएच्या क्लॉज ए ला, म्हणजे कर्नाटकचा विद्यार्थी म्हणून पात्र ठरायच्या नियमाला, पहिली ते बारावीतली किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेली लागतात आणि दहावी किंवा बारावी कर्नाटकातनं पास. म्हणजे दहावीपर्यंत इथं शिकून अकरावी-बारावी कोल्हापुरात केली तरी तुम्ही बसता, घाबरू नका. पण त्या सात वर्षांचं स्टडी सर्टिफिकेट लागतंय, आणि त्यावर हेडमास्तरांच्या सहीखाली बीईओची (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याची) सही-शिक्का पाहिजे. टीसी आहे की, असं म्हणून लोक येतात. टीसी वेगळी, हे वेगळं. गेल्या मे महिन्यात एक मावशी प्लास्टिकच्या पिशवीत तीन शाळांचे दाखले घेऊन बीईओ ऑफिसच्या पायरीवर बसलेल्या बघितल्या, दोन शाळांचं झालेलं आणि तिसरी शाळा पट कमी म्हणून दुसरीत मिसळलेली, तिचं जुनं रजिस्टर कुठं ठेवलंय हे सांगायला कोण तयार नाही. ह्या खिडकीवरनं त्या खिडकीवर पाठवायचं, एवढंच. माणसाला दिवसभराची मजुरी बुडवून यावं लागतंय हे ऑफिसात बसणाऱ्यांना कळत नाही काय? म्हणून सांगतो, शाळा बदलली असेल तर निकालाची वाट बघू नका, जानेवारीतच कागद गोळा करा.

कोल्हापूरला बारावी केलेल्यांनी अजून एक ध्यानात ठेवा. कर्नाटकात इंजिनिअरिंगची रँक केईएची सीईटी आणि बारावीच्या मार्कांवर निम्मी-निम्मी लागते. दुसऱ्या बोर्डाच्या पोरांनी आपले बारावीचे मार्क केईएच्या साईटवर स्वतः भरायचे असतात आणि त्याची तारीख वेगळी असते. सीईटी चांगली जाऊन रँकच आली नाही असं होतंय ते इथंच.

फॉर्ममध्ये 'गडीनाडू' दिसलं की आपली पोरं टिक करतात, सीमाभाग म्हणजे आपणच असं वाटतंय. ते आपल्यासाठी नाही. महाराष्ट्रातल्या अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज, नाहीतर केरळच्या कासरगोडकडल्या कन्नड मातृभाषेच्या पोरांसाठी आहे. कन्नड मीडियमचा ५ टक्के कोटा पण मराठी शाळेवाल्यांना नाही. पण ग्रामीणचा १५ टक्के कोटा मीडियम विचारत नाही, पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली असेल तर तो नक्की तपासा. मराठी शाळेतला म्हणून आपल्याला नसणार असं समजून कितीतरी पोरं हा कोटा सोडून देतात, मला त्याचं फार वाईट वाटतंय.

जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं (गावाजवळच्या महसूल ऑफिसातनं) काढा, त्यावरचा आरडी नंबर फॉर्मवर बरोबर टाका.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला जायचं असेल तर सीमाभागातल्या पोरांसाठी ई टाईप हा वेगळा प्रवेशाचा प्रकार आहे, त्याला जी-१ आणि जी-२ नमुने लागतात, एक सीमाभागातल्या रहिवासाचा, दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. नमुन्याच्या तळाला ज्याचं पद छापलंय त्याचीच सही घ्या. आणि कर्नाटकात मराठ्यांना मिळतो तो आपला ३-बी चा दाखला तिकडं चालत नाही, ती कॅटेगरीच तिकडं नाही, त्याच्या भरवशावर कॉलेजांची यादी करू नका.