सोबत चालण्याची अट : ऑस्ट्रेलियातील बुशवॉकिंग क्लबांची पार्श्वभूमी

सिडनीतील एखाद्या बुशवॉकिंग, म्हणजे रानातून पायी भटकण्याच्या, क्लबबरोबर पहिल्यांदा रानात जाऊ पाहणाऱ्या माणसाची वाट आधी कागदांतून जाते. ज्या वाटचालीला जायचे तिच्या लीडरला फोन करून आपण पूर्वी कुठे, किती आणि किती ओझे घेऊन चाललो आहोत हे सांगावे लागते. जोखीम मान्य असल्याच्या अर्जावर सही करावी लागते. पूर्ण सदस्यत्व हवे असेल, तर बऱ्याच क्लबांत काही महिने उमेदवार सदस्य राहून ठरावीक ‘टेस्ट वॉक’ पुऱ्या कराव्या लागतात. मोबाइलवरच्या एका निरोपावर पन्नास जण गडाच्या पायथ्याशी जमलेले पाहण्याची सवय असलेल्या मराठी ट्रेकरला ही कारकुनी वाटण्याचा संभव आहे. या अटी मात्र एका दिवसात कोणी टेबलावर बसून केलेल्या नाहीत. आपल्याबरोबर कोणी यावे आणि कोणी येऊ नये, या प्रश्नाला सव्वाशे वर्षांत मिळालेली वेगवेगळी उत्तरे त्यांत साठलेली आहेत.

चालण्याचे क्लब तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाले. मेलबर्नमधील पहिला नामांकित क्लब 1894 चा. सिडनीचा वॉरागाम्बा वॉकिंग क्लब 1895 चा असून सरकारी रसायन-विश्लेषक विल्यम हॅम्लेट हे त्याच्या संस्थापकांपैकी होते. या क्लबांमागे दोन गोष्टी होत्या : रिकामा वेळ आणि रेल्वे. मेलबर्नच्या गवंड्यांनी 1856 मध्येच आठ तासांचा दिवस मिळवला होता, शनिवारच्या अर्ध्या सुटीची प्रथा हळूहळू पसरत होती, आणि सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स या डोंगररांगेच्या माथ्यावरील माउंट व्हिक्टोरियापर्यंत आगगाडी 1868 मध्ये पोहोचली होती. त्यामुळे शहरातला पगारदार माणूस आठवडाअखेरीला डोंगरात जाऊन सोमवारी कामावर हजर होऊ शकत होता. हे पहिले क्लब पुरुषांचे होते आणि त्यांचे चालणे बहुतांशी गाडीरस्त्यांनी, रात्रीचा मुक्काम एखाद्या खाणावळीत, अशा बेताचे असे.

रस्ता सोडून रानात शिरणाऱ्यांची परंपरा माइल्स डन्फी या तरुणापासून सांगितली जाते. पुढे वास्तुकलेच्या अध्यापनात आयुष्य घालवणाऱ्या डन्फीने 1914 मध्ये बर्ट गॅलप आणि रॉय रडर या मित्रांसह ‘माउंटन ट्रेल्स क्लब’ काढला. हा क्लबही पुरुषांचाच होता, आणि त्यात अर्ज करून नव्हे, तर निमंत्रणाने प्रवेश मिळे. यात अहंकाराचा भाग असेलही, पण व्यवहाराची बाजूही होती. त्या भागाचे उपयोगी पडतील असे नकाशे बाजारात मिळत नव्हते, डन्फी ते स्वतः काढत असे, आणि दरीत उतरल्यावर सोबत्यांशिवाय मदतीला कोणी नसे. अशा ठिकाणी एका माणसाची चाल मंदावली की साऱ्या तुकडीचा दिवस बदलतो, आणि रविवारची परतीची गाडी कोणासाठी थांबत नाही.

बायकांना दार बंद असण्याचे समर्थन मात्र फार काळ टिकले नाही. मेलबर्नमध्ये 1922 मध्ये स्त्रियांनी आपला स्वतंत्र क्लब काढला. सिडनीत 1927 मध्ये माउंटन ट्रेल्सच्याच काही सदस्यांच्या पुढाकाराने स्त्री-पुरुष दोघांनाही खुला असा नवा क्लब निघाला आणि त्याने ‘द सिडनी बुश वॉकर्स’ हे नाव घेतले. ‘बुशवॉकर’ हा शब्द रूढ होण्यात या नावाचा मोठा वाटा आहे. ‘बुश’ म्हणजे झुडूप असा शब्दकोशातला अर्थ इथे कामाचा नाही. ऑस्ट्रेलियन माणूस शहराबाहेरच्या सगळ्या रानाला बुश म्हणतो. स्वतः डन्फी पती-पत्नींनी 1931 मध्ये आपल्या लहानग्या मायलोला बाबागाडीत घालून कनांग्राच्या कड्यांकडे नेले, आणि त्या बाबागाडीला ‘कनांग्रा एक्स्प्रेस’ म्हटले गेले. निमंत्रितांच्या क्लबचा संस्थापक त्या डोंगरवाटेने बाबागाडी ढकलतो आहे, हे चित्र मला त्या काळातल्या बदलाविषयी पुष्कळ सांगणारे वाटते.

दार उघडले म्हणजे पारख संपली असे झाले नाही. निमंत्रणाची जागा परीक्षेने घेतली. नवा माणूस कोणाच्या ओळखीचा आहे यापेक्षा तो सॅक पाठीवर घेऊन दोन दिवस चालू शकतो का, नकाशा वाचू शकतो का, आणि थकल्यावर इतरांशी कसा वागतो हे पाहिले जाऊ लागले. टेस्ट वॉकचे मूळ इथे आहे. याच सुमारास सामानही हलके होऊ लागले. पॅडी पॅलिन यांची नोकरी 1930 मध्ये मंदीत गेली तेव्हा त्यांनी घरीच हलक्या सॅक आणि तंबू शिवायला घेतले, आणि त्यांच्या मालामुळे अनेकांना लांबचा पल्ला आवाक्यात आला. मंदीच्या त्याच दिवसांत न्यू साउथ वेल्स (सिडनी ज्यात आहे ते राज्य) इथल्या रेल्वेने 1932 मध्ये ‘मिस्टरी हाइक’ सुरू केल्या. गाडी कुठे नेणार हे प्रवाशांना आधी सांगितले जात नसे, आणि अशा सहलींना हजारोंनी गर्दी केली. क्लबवाले या गर्दीला ‘हायकर’ म्हणून नाके मुरडत. ही आढ्यताच होती, यात शंका नाही.

क्लबांना खरी एकी दिली ती मात्र झाडांनी. 1931 च्या ईस्टरला ॲलन रिग्बी यांच्याबरोबर ब्लू माउंटन्समधील ग्रोस दरीत उतरलेल्या क्लबवाल्यांच्या तुकडीला ब्लू गम फॉरेस्टमध्ये क्लॅरी हंगरफर्ड भेटला. उंच निळसर निलगिरींचे ते रान तोडून तिथे अक्रोड लावण्याचा त्याचा बेत होता, आणि जमीन त्याने रीतसर भाडेपट्ट्याने घेतली होती. त्याच्याशी भांडण्यापेक्षा पट्टाच विकत घ्यावा असे ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भर पावसात त्याच रानात बैठक झाली आणि सौदा 130 पौंडांवर पक्का झाला. मंदीत ही रक्कम लहान नव्हती. नाचाचे कार्यक्रम, देणग्या आणि एका हितचिंतकाने दिलेले बिनव्याजी कर्ज यांतून ती उभी राहिली, आणि 1932 मध्ये सुमारे 40 एकरांचे ते रान राखीव झाले. त्याच वर्षी क्लबांचा महासंघ स्थापन झाला. 1936 मध्ये ग्रोस दरीत चार तरुण हरवले, त्या शोधाच्या धावपळीनंतर महासंघाने स्वतःचे शोध व बचाव पथक उभारले. वाटचालीच्या आधी घरच्या कोणाचा तरी संपर्क लिहून घेण्याची आजची शिस्त याच जाणिवेतली आहे.

या पिढीतल्या मेरी बाइल्स यांच्याकडे भारतीय वाचकाचे लक्ष जाणे साहजिक आहे. न्यू साउथ वेल्समध्ये वकिली करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री सॉलिसिटर. सिडनी बुश वॉकर्सच्या सदस्य या नात्याने बुडी किनाऱ्याचे रान राखीव व्हावे म्हणून त्यांनी खटपट केली आणि 1935 मध्ये ते साधले. पुढे त्या बौद्ध विचार आणि गांधी यांच्याकडे वळल्या, भारतात येऊन गेल्या. सिडनीच्या चेल्टनहॅम उपनगरातील त्यांच्या घराचे नाव ‘अहिंसा’ आहे.

या साऱ्या कथेत एक मोठी गाळलेली जागा आहे, आणि ती न दाखवता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. डन्फीच्या पिढीने ज्याला ‘अस्पर्श रान’ म्हटले ते दारुग आणि गुंडुंगुरा या मूळ रहिवासी लोकांचे हजारो वर्षांचे राहते घर होते. चालणाऱ्यांच्या कित्येक वाटा मुळात त्यांच्याच पायवाटा होत्या. त्यांच्या मुलखातली बुरागोरांग दरी तर 1960 मध्ये पूर्ण झालेल्या वॉरागाम्बा धरणाखाली गेली. ज्या नकाशांनी रान वाचवायला मदत केली त्यांच्यावर नावेही बऱ्याच अंशी नकाशा काढणाऱ्यांच्या पसंतीची आली. डन्फीने मांडलेल्या कल्पनेतील ब्लू माउंटन्स राष्ट्रीय उद्यान 1959 मध्ये जाहीर झाले आणि 2000 मध्ये त्यासह 10 लाख हेक्टरांहून मोठा प्रदेश जागतिक वारसा ठरला. मूळ रहिवाशांचा हक्क या चर्चेत पुढे यायला मात्र फार उशीर झाला.

राहता राहिला तो सहीचा कागद. तो सर्वांत अलीकडचा आहे. 2001 मध्ये एचआयएच ही मोठी विमा कंपनी बुडाली, सार्वजनिक दायित्वाच्या (कोणाला इजा झाल्यास भरपाई देणाऱ्या) विम्याचे हप्ते भडकले, आणि पदरमोड करून चालणाऱ्या छोट्या संस्थांपुढे कार्यक्रमच बंद करावे की काय असा प्रश्न उभा राहिला. न्यू साउथ वेल्सने 2002 मध्ये नागरी दायित्वाचा कायदा करून धोका उघड असलेल्या करमणुकीत भाग घेणाऱ्यावरही जबाबदारी टाकली. तेव्हापासून पाहुण्यालाही चालायला निघण्यापूर्वी कागदावर सही करावी लागते, आणि विम्याच्या सोयीसाठी त्याला बहुधा तात्पुरता सदस्य करून घेतले जाते. म्हणजे 1914 मध्ये ज्या दारात निमंत्रण लागत असे, तिथे आज नवखा माणूस एका सहीने दिवसापुरता आतला होतो; त्याला त्या दिवशी नेऊ नये असे वाटले तर ‘नाही’ म्हणण्याचा लीडरचा अधिकार मात्र तेवढा जुनाच राहिला आहे.