वीरस्मरण : सातारा व सांगली जिल्ह्यांतील परंपरा

रणात पडलेल्या योद्ध्याची आठवण गावाने दगडात, देवघरात आणि लोकव्यवहारात जपण्याची रीत म्हणजे वीरस्मरण. सातारा व सांगली हे दोन जिल्हे या बाबतीत वेगळे काढता येत नाहीत. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये जुन्या साताऱ्यातून ‘दक्षिण सातारा’ या नावाने निघाला आणि १९६० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणग्रस्त भागांत कोरडवाहू शेतीवर घर चालत नसे; त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या घरातला एक मुलगा शेतीवर आणि एक पलटणीत, अशी वाटणी ठरून गेली. पोटासाठी धरलेली ही वाट पुढे घराण्याचा अभिमान झाली, आणि म्हणूनच येथील वीरस्मरणात शासनापेक्षा गावाचा वाटा मोठा आहे.

या परंपरेचे सर्वांत जुने दृश्य रूप म्हणजे वीरगळ. देवळाच्या आवारात, वेशीजवळ किंवा एखाद्या जुन्या बारवेच्या काठी उभी असलेली ही शिळा खालून वर वाचायची असते. तळाच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर दिसतो. तो गाईगुरे राखताना पडला असेल तर तेथे गाई कोरलेल्या असतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, त्यावरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो, आणि माथ्यावर कलशासह चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्या खुणेचा अर्थ. वाई तालुक्यातील किकली येथे भैरवनाथ मंदिराच्या परिसरात असे वीरगळ मोठ्या संख्येने पाहावयास मिळतात. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नसल्यामुळे त्या माणसाचे नाव, त्याचे गाव, तो कोणासाठी लढला हे सारे लुप्त झाले आहे. तरीही गावकऱ्यांनी त्या शिळेला शेंदूर लावून तिला देवपण दिले. नाव विसरले तरी मान राहिला, ही गोष्ट या नोंदीच्या दृष्टीने फार मोलाची आहे. अनेक घरांच्या देवघरांत कुलदैवताशेजारी वीराचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली प्रतिमा, पूजला जातो, तोही याच भावनेतून.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत युद्धात मेलेल्या माणसाविषयी ‘कामास आला’ असे लिहिण्याची पद्धत होती. मरणाला काम म्हणणारा हा शब्दप्रयोग साधा असला तरी त्यात कर्तव्याचा केवढा तरी आशय सामावलेला आहे. ‘धारातीर्थी पडणे’ आणि ‘वीरगती’ हे शब्द त्याच्याच जोडीचे. ‘हुतात्मा’ हा स्वातंत्र्यलढ्याच्या काळात रुळला. ‘शहीद’ हा शब्द आज सर्वतोमुखी असला, तरी भारतीय सैन्यदलांच्या अधिकृत परिभाषेत तो वापरला जात नाही.

पहिल्या महायुद्धाने या भागाला परमुलखातील मरणाची ओळख करून दिली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी मोठ्या प्रमाणावर लढल्या. १९१५-१६ मध्ये कुत-अल-अमारा येथे तुर्की सैन्याने घातलेल्या वेढ्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. सुमारे पाच महिन्यांची उपासमार सोसल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेला शरण जावे लागले आणि त्यानंतरच्या कैदेत असंख्य सैनिक दगावले. अशा मृत्यूत ना देह घरी येई, ना अस्थी. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव या इतिहासाचे जिवंत स्थान मानावे लागेल. येथील ४६ जवानांनी त्या युद्धात प्राण दिले आणि त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश सरकारने गावात विजयस्तंभ उभारला. एका खेड्याने एका युद्धात ४६ तरुण गमवावेत, हा आकडा वाचून पुढे जाण्यासारखा नाही. त्या वर्षांत गावातील कोणती आळी सुतकावाचून राहिली असेल? एवढे होऊनही गावाने सैन्याकडे पाठ फिरवली नाही. दुसरे महायुद्ध आणि स्वातंत्र्योत्तर युद्धे यांतही अपशिंग्याचे जवान कामास आले. ‘अपशिंगे मिलिटरी’ हे नाव त्यातूनच रूढ झाले.

या इतिहासाचा विचार एकाच समाजापुरता करणे न्याय्य ठरणार नाही. महार सैनिकांची भरती ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली, पहिल्या महायुद्धात गरजेपुरती उघडली, पुन्हा थांबवली, आणि अखेर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. सेवानिवृत्त सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब साताऱ्यात राहत होते आणि त्यांचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे प्रारंभीचे शिक्षण याच शहरात झाले.

स्वातंत्र्यानंतर स्मरणाला नाव आणि चेहरा मिळाला. परमवीर, महावीर व वीर ही चक्रे २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील मणेराजुरीचे पांडुरंग साळुंखे १५ मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. डिसेंबर १९७१ मध्ये पंजाब सीमेवरील बुर्ज हे ठाणे परत घेताना शत्रूच्या रॉकेट लाँचरवर ते थेट चालून गेले, ते शस्त्र त्यांनी हिसकावले आणि त्यातच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. त्याच युद्धातील १६ डिसेंबरच्या विजयाचे स्मरण म्हणून कराड येथे विजय दिवस समारोह भरतो. सैन्यदलांची प्रात्यक्षिके पाहण्यासाठी आसपासच्या खेड्यांतून लोक येतात. साताऱ्यातील सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी सुरू झाले. देशातील अशा शाळांपैकी ते पहिले होय. त्या वेळी मुख्यमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण हे देवराष्ट्रे येथे जन्मलेले, म्हणजे याच मातीतले; पुढे १९६५ च्या युद्धात तेच देशाचे संरक्षणमंत्री होते.

आता पार्थिव गावी आणले जाते, आणि त्यामुळे अंत्यविधी हाच स्मरणाचा मुख्य प्रसंग झाला आहे. वार्ता येताच व्यवहार थांबतात, अनेक घरांत चूल पेटत नाही, रस्त्यावर रांगोळ्या घातल्या जातात आणि फुलांनी सजवलेल्या ट्रॉलीतून तिरंग्यात लपेटलेली शवपेटी ‘अमर रहे’च्या घोषात निघते. बिगुलावर अखेरची धून वाजते, हवेत फैरी झाडून मानवंदना दिली जाते आणि घडी केलेला ध्वज कुटुंबाच्या हाती येतो.

पुढची वर्षे मात्र वीरमाता, वीरपिता आणि वीरपत्नी यांना काढावी लागतात. सातारा तालुक्यातील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक, सातारा सैनिक स्कूलचे माजी विद्यार्थी आणि ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख, १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरच्या कुपवाडा जिल्ह्यात दहशतवाद्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत खडतर शिक्षण पूर्ण केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या सैन्यात अधिकारी झाल्या. जुन्या सतीशिळांवर, म्हणजे सती गेलेल्या स्त्रियांच्या स्मारकशिळांवर, बांगड्या ल्यालेला हात कोरलेला असे. वीराच्या पत्नीला तेथे तेवढीच जागा होती. शौर्यपदकाचा भत्ता चालू राहावा म्हणून विधवेने पुनर्विवाह केल्यास तो दिवंगत पतीच्या भावाशीच करावा, ही शासकीय अटही दीर्घकाळ लागू होती. संरक्षण मंत्रालयाने ती नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकली.