एका फोनची दोन बिलं

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जुना लँडलाइन फोन असतो, त्यावर विणलेला रुमाल. महिन्यातून चारदा वाजतो, त्यातले तीन फोन कर्ज देणाऱ्यांचे. भाडं मात्र दरमहा जातं, कारण 'नंबर जुना आहे, सगळ्या नातेवाइकांकडे आहे'. त्याच घरात टीव्हीमागे फायबरचा डबा लुकलुकत असतो आणि त्याच्या पाठीवर 'टेल' किंवा 'फोन' असं लिहिलेलं एक छोटं चौकोनी भोक रिकामं पडलेलं असतं. बहुतेक फायबर प्लॅनमध्ये कॉलिंग धरलेलंच असतं, म्हणजे त्या भोकाचेही पैसे गेलेले असतात. समजा जुन्या फोनचं भाडं २०० रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून २३६, वर्षाचे २८३२. आधीच विकत घेतलेली गोष्ट पुन्हा घेण्याचा हा खर्च.

यामागे एक साधा गैरसमज आहे: लँडलाइन म्हणजे तांब्याची तार, आणि फायबर आलं की तिचा काही संबंध उरत नाही. पण नंबर तारेत नसतो, एक्स्चेंजच्या, म्हणजे सगळ्या लाइनी एकमेकींना जोडून देणाऱ्या कंपनीच्या केंद्राच्या, यादीत असतो. यादीत त्याच्यापुढे तांब्याची जोडी लिहायची की फायबरचं खातं, एवढाच प्रश्न.

मग फायबर त्या जुन्या फोनला चालवतं कसं? फोनला काचेच्या तारेतला प्रकाश कळत नाही. त्याला फक्त एक्स्चेंज कळतं. म्हणून डब्यातली एक चिप एक्स्चेंजचं सोंग घेते, आणि ते सोंग बघण्यासारखं आहे.

जुन्या एक्स्चेंजमधून दोन तारांवर ४८ व्होल्टचा डीसी दाब येतो, तोही उणे. उणे का? ओल्या जमिनीत गाडलेल्या तांब्यावर धन दाब असता तर तांबं हळूहळू विरघळत गेलं असतं. उणे ठेवल्याने तार टिकते. तुम्ही रिसीव्हर उचलता तेव्हा फोनच्या आतलं मंडल जोडलं जातं आणि सुमारे २० ते ३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो. 'कुणीतरी फोन उचलला' हे एक्स्चेंजला कळतं ते एवढ्यावरूनच. मग ते ४०० हर्ट्झची डायल टोन पाठवतं. ५ दाबला की फोन ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर एकदम काढतो, १ दाबला की ६९७ आणि १२०९. प्रत्येक बटणाची जोडी वेगळी, आणि असे नेमके दोन सूर एकदम बोलण्यात सहसा येत नाहीत, त्यामुळे माणसाच्या बोलण्यातून चुकून नंबर लागत नाही. घंटी वाजवायला त्याच तारांवर साधारण ७५ व्होल्टचा एसी दाब सोडतात, सेकंदाला २५ आवर्तनं. घंटी वाजत असताना उघड्या तारांना हात लागला तर झटका बसतो तो याचाच.

फायबरच्या डब्यातली चिप हे सगळं १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधून तयार करते: उणे दाब, डायल टोन, घंटी, सगळं. पलीकडच्या बाजूला ती तुमचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजते आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहिते. झाले ६४ किलोबिट. दर २० मिलिसेकंदांचा तुकडा, म्हणजे १६० बाइट, एका पाकिटात जातो. पाकिटावरच्या पत्त्याचे ४० बाइट धरले की २०० बाइट, सेकंदाला ५० पाकिटं, म्हणून ८० किलोबिट. ३० मेगाबिटच्या लाइनवर हा हिस्सा ०.३ टक्क्याच्याही खाली. तासभर बोललात तर एका दिशेने ३६ मेगाबाइट. कंपन्या 'अमर्यादित कॉलिंग' मोठ्या अक्षरांत छापतात, पण आवाज वाहून नेण्याचा खर्च आता नगण्य झाला आहे, त्यात औदार्य काही नाही.

या चिपच्या मर्यादाही आहेत. एक्स्चेंज काही किलोमीटर तार पेलायचं, डब्याचा दम घरापुरता. समांतर चार फोन लावले तर घंटी मरतुकडी वाजते किंवा वाजतच नाही. चकती फिरवायचे जुने फोन मंडल तोडून-जोडून आकडे पाठवतात, आणि ते मोजणं बऱ्याच डब्यांना येत नाही. अशा फोनवर कॉल येतो, लावता येत नाही. बटणांच्या फोनला खाली 'पी-टी' (पल्स-टोन, म्हणजे तोडजोड की सूर) असा खटका असेल तर तो 'टी'वर हवा.

आता प्रत्यक्ष काम. लँडलाइन बीएसएनएलची असेल तर ग्राहक सेवा केंद्रात लँडलाइनचं फायबरमध्ये रूपांतर मागायचं, 'तोच नंबर ठेवून' हे अर्जातच लिहायचं. आधी लँडलाइन बंद करून मग फायबर घ्यायला गेलात तर सुटलेला नंबर परत मिळेलच असं नाही. मोबाईलसारखी पोर्टेबिलिटी लँडलाइनला नाही, त्यामुळे फायबर दुसऱ्या कंपनीचं असेल तर जुना नंबर तिकडे नेता येत नाही. तेव्हा निवड सरळ आहे: फायबरची कंपनी बदला किंवा नंबर सोडा. फोन वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर नावबदल आधी करून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. थकबाकी शून्य हवी. जुनी अनामत नव्या खात्यात वळती करा किंवा परत मागा. मागितली नाही तर ती तशीच पडून राहू शकते.

डबा स्वतः विकत घेऊन मासिक भाडं वाचवणार असाल तर घेण्याआधी त्याची पाठ बघा. स्वस्तातल्या एक-पोर्ट डब्यांना फोनचं भोक नसतं, आणि मग नंबर ठेवून उपयोग नाही. शिवाय दुकानातला कुठलाही डबा चालत नाही. त्याचा क्रमांक कंपनीकडे नोंदवावा लागतो आणि फोनचं खातं त्यात वेगळं भरावं लागतं. इंटरनेट सुरू पण डायल टोन नाही, असं झालं तर बहुतेक वेळा हे दुसरं काम राहिलेलं असतं.

जुनी तारही फुकट जात नाही. भिंतीतल्या पाइपमधून आलेली तांब्याची ड्रॉप वायर (खांबावरून घरात येणारी तार) ही फायबर ओढायची आयती दोरी आहे. फायबरची चपटी केबल तिला फूटभर लांबीत टेपने बांधायची, गाठ मारायची नाही, आणि ओढताना ताण केबलमधल्या मजबुतीच्या तारेवर यायला हवा, टोकाच्या हिरव्या कनेक्टरवर नाही. पाइपात सिमेंट गेलं असेल तर जोर लावू नका, तांबं तुटलं की दोरीही गेली. फायबरचं वळण बांगडीपेक्षा लहान नको. फार आवळलं तर प्रकाश वळणावरच बाहेर गळू लागतो आणि डब्यावरचा 'लॉस'चा लाल दिवा लागू शकतो.

घरातल्या खोल्यांमधली जुनी टेलिफोन वायरिंग तशीच वापरता येते. भिंतीवरची डबी उघडा. दोन स्क्रूंना बाहेरून आलेली जोडी आणि घरातली जोडी अशा दोन्ही बांधलेल्या दिसतील. बाहेरची जोडी सोडवा, टोकं वेगवेगळी टेपने गुंडाळा. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून स्क्रूंवर लावा. शून्य दिसलं तरच डब्याच्या फोनच्या भोकातून आलेली तार तिथे जोडा. ४८ ते ५२ व्होल्ट दिसले तर बाहेरची तार अजून कुठेतरी जोडलेली आहे, आणि दोन एक्स्चेंज समोरासमोर उभी केली की डब्यातल्या चिपचा बळी जातो. बाहेरची लाइन मेलेली असली तरी सोडवाच. खांबावरून आलेलं तांबं पावसाळ्यात विजेचा लोळ थेट दिवाणखान्यात आणू शकतं.

डब्यावर चिकटवायचे 'रेडिएशन शोषणारे' स्टीकर विकायला कुणी आलं तर पैसे ठेवा खिशात. तो स्टीकर खरंच लहरी शोषत असता तर शेजारच्या खोलीत वायफाय पोचलं नसतं.

बचतीचा दुसरा तुकडा मोबाईलमध्ये आहे. बाहेर फारसे न जाणाऱ्या आजी-आजोबांच्या मोबाईलला घरात वायफाय मिळतंच, त्यांना डेटाचा पॅक नको. दूरसंचार नियामक ट्रायच्या डिसेंबर २०२४च्या नियमानंतर कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही ठेवावे लागतात, ते ॲपमध्ये खाली सरकवत शोधावे लागतात एवढंच. मोबाईल पूर्ण बंद करू नका, बँकेचा ओटीपी लँडलाइनवर येत नाही. लँडलाइनवरून मोबाईल लावताना आधी शून्य हवा, १५ जानेवारी २०२१पासून हा नियम आहे. नव्या लाइनवर 'फोन लागत नाही' या तक्रारीचं कारण कधीकधी एवढंच निघतं.

तांब्याचा एक गुण मात्र फायबरमध्ये नाही. गावातली वीज गेली तरी जुना फोन चालायचा, कारण ते ४८ व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून यायचे. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. त्यासाठी मिनी यूपीएस, म्हणजे डब्यापुरती छोटी बॅटरी, घेताना खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. ८८०० मिलिअँपिअर-तास हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशोबात छापलेलं असतं. गुणाकार करा: साडेबत्तीस वॅट-तास. १२ व्होल्ट बनवताना त्यातला पंधरा टक्के भाग वाया गेला असं धरलं तर उरतात सत्तावीस-अठ्ठावीस. डबा ८ वॅट खात असेल तर साडेतीन तास चालेल. घरात कॉर्डलेस फोन असेल तर त्याचा तळ वेगळ्या अडॅप्टरवर चालतो आणि तो अंधारात डब्याच्या आधी मरतो. म्हणून विणलेल्या रुमालाखालचा तो साधा वायरचा फोन काढून टाकू नका, जोडूनच ठेवा.